दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो: जुन्या मियाटाच्या 'चेक इंजिन'चा माग

माझ्याकडे १९९९ची माझदा मियाटा आहे. दोन सीटा, कापडी टप, १.८ लिटरचं इंजिन. न्यू जर्सीत मी ती घेतली तेव्हाच ती वीस वर्षांची होती. गेल्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत तिच्या डॅशबोर्डवरचा पिवळा 'चेक इंजिन' दिवा सात वेळा लागला आणि सातही वेळा आपोआप विझला. गॅरेजात न्यावी तर दिवा बंद. घरी आणावी, चार दिवस बरे जावेत, आणि एखाद्या पावसाळी सकाळी ऑफिसला निघताना पुन्हा तोच पिवळा ठिपका.

दोष शेवटी सापडला. स्पार्क प्लगच्या चार वायरी, चार प्लग आणि एक गॅस्केट एवढ्यावर काम भागलं. पण तिथपर्यंत पोचायला आठ महिने गेले आणि मध्ये एक सेन्सर विनाकारण बदलला गेला. तुमच्याही जुन्या गाडीचा दिवा असा लपंडाव खेळत असेल, तर माझे आठ महिने तुमच्या उपयोगी पडावेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट नीट बघा. दिवा एकसारखा पेटलेला आहे की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये आणि ते कच्चंच एक्झॉस्टमध्ये जातंय. ते जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा एक्झॉस्टमधला डबा) जळतं आणि तो आतून वितळू शकतो. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, गाडी बाजूला घ्या, आणि पुढचं सगळं नंतर. स्थिर दिव्याला तेवढी घाई नसते. माझा सातपैकी सहा वेळा स्थिर होता आणि एकदा, चढावर, काही सेकंद लुकलुकला.

आता हा दिवा आपोआप विझतो कसा, हे कळलं की अर्धं कोडं सुटतं. अमेरिकेत १९९६पासूनच्या सगळ्या गाड्यांमध्ये ओबीडी-२ ही पद्धत आहे, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच दोष शोधतो आणि प्रत्येक दोषाचा एक ठरलेला क्रमांक, म्हणजे 'कोड', नोंदवतो. बहुतेक दोषांच्या बाबतीत गाडीचा कॉम्प्युटर पहिल्या फेरीत (इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करेपर्यंत एक फेरी) दोष दिसला की फक्त नोंद करून ठेवतो. दिवा लावत नाही. लगेच पुढच्या फेरीतही तोच दोष दिसला की मग दिवा. नंतर सलग तीन फेऱ्या दोषाशिवाय झाल्या की दिवा बंद. पण कोड मात्र त्यानंतरही स्मृतीत राहतो, साधारण चाळीस वेळा इंजिन थंडीतून नीट गरम होईपर्यंत.

याचा अर्थ असा की दिवा बंद असतानाही गाडीजवळ माहिती असते. 'आत्ता दिवा नाही, म्हणजे काही बघता येणार नाही' असं मला काउंटरवर सांगितलं गेलं होतं आणि मी ते मान्य करून परत आले होते. तेव्हा कोड वाचणारा साधा ब्लूटूथ रीडर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला असता तरी कोड मिळाला असता. रीडरमध्ये 'पेंडिंग' कोडचा वेगळा रकाना असतो, तो आवर्जून उघडा. पहिल्या फेरीतली ती नुसती नोंद तिथेच असते. गाडी एकदा गचका देते आणि दिवा लागत नाही, अशा दिवसांचा पुरावा फक्त त्या रकान्यात सापडतो.

आणि कृपा करून कोड पुसू नका. रीडरवर 'इरेज' दाबण्याचा मोह होतो, कारण दिवा तत्काळ विझतो आणि मन शांत होतं. पण कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' नावाची गोष्ट असते, तीही त्याच बटणाने जाते. दोष घडला त्या क्षणी मिनिटाला इंजिनाचे फेरे किती होते, इंजिनावर भार किती, पाणी किती गरम, गाडीचा वेग किती, पेट्रोलच्या मिश्रणात कॉम्प्युटर किती दुरुस्ती करत होता, हे सगळं त्या एका चौकटीत गोठवलेलं असतं. येऊन जाऊन असणाऱ्या दोषाचा याहून चांगला साक्षीदार नाही. पुसण्याआधी निदान मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवा.

माझ्या फ्रेममध्ये होतं ते असं: कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. आपल्याकडे मेकॅनिक ज्याला 'गाडी मिसिंग करतेय' म्हणतात तेच. फेरे २,१५०. भार ७२ टक्के. पाणी ८८ अंश. मिश्रणातली तात्कालिक दुरुस्ती अधिक १४ टक्के, म्हणजे कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल वाढवत होता.

त्या शेवटच्या आकड्याने घोटाळा केला. पहिल्या गॅरेजने तो बघितला आणि निदान केलं की ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलतोय, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचं उगाच सांगतोय. सेन्सर बदलला, कोड पुसला, पैसे घेतले. अकरा दिवसांनी दिवा परत.

सेन्सर खरंच बोलत होता. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की त्यातलं पेट्रोल जळत नाही आणि हवाही जळत नाही. तो न वापरलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, कच्चं पेट्रोल कळत नाही. म्हणून तो 'हवा जास्त आहे' असं सांगतो आणि कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल ओततो. मिसफायरच्या कोडसोबत मिश्रण पातळ दिसलं, तर आधी मिसफायरचा सोक्षमोक्ष लावा. सेन्सरला मागाहून हात घाला.

त्यानंतर मी एक वही केली. दिवा लागला किंवा गाडीने गचका दिला की तारीख, हवा कोरडी की दमट, किती मिनिटं चालवल्यावर, कितव्या गिअरमध्ये, सपाटीवर की चढावर, टाकीत पेट्रोल किती. दोन महिन्यांत पंधरा नोंदी झाल्या. वही समोर ठेवून बघितलं तर पेट्रोलचा काही संबंध दिसेना. गरम-थंडचाही दिसेना. पण पंधरापैकी तेरा नोंदींपुढे 'पाऊस' किंवा 'धुकं' होतं, आणि अकरा नोंदी एकाच जागेच्या होत्या: रूट ७८ वरचा वॉचंगच्या टेकड्यांचा चढ, पाचवा गिअर, हलके फेरे, पाय दाबलेला. कोरड्या हवेत तोच चढ ती बिनबोभाट चढायची.

हे मी रविवारी फोनवर बाबांना सांगत होते. बाबा चिपळूणला असतात. त्यांची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, आणि माझं अर्धं लहानपण मुंबई-गोवा रस्त्यावर त्या गाडीच्या मागच्या सीटवर गेलंय. माझं पुरतं सांगून व्हायच्या आत ते म्हणाले, "अगं, प्लगच्या वायरी बघितल्यास का?"

"बाबा, ही गाडी कॉम्प्युटरची आहे. डिस्ट्रिब्यूटर नाहीये हिला."

"नसू दे. ठिणगी प्लगपर्यंत वायरीतूनच जाते ना? कशेडी घाटात आपण काय करायचो, आठवतंय?"

आठवत होतं. जुलैतला पाऊस, घाटाच्या चढावर गाडी आचके देत बंद पडलेली, बाबा बॉनेट उघडून वाकलेले आणि मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी. ते डिस्ट्रिब्यूटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या डब्याचं, झाकण काढून धोतराच्या जुन्या फडक्याने आतून पुसायचे, मग एकेक वायर बोटांच्या चिमटीत धरून टोकापर्यंत पुसत न्यायचे. त्या फडक्याला पेट्रोल आणि रबराचा वास असायचा. पाच मिनिटांनी गाडी सुरू.

ओल आणि चढ हे दोन्ही एकत्र का लागतात, ते समजून घेण्यासारखं आहे. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला किती दाब लागेल, म्हणजे विजेचा दाब, हे सिलिंडरमधली हवा किती घट्ट दाबली गेलीय त्यावर ठरतं. सपाटीवर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) अर्धवट बंद असतो, आत हवा थोडी, ठिणगी सहज उडते. वरच्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला की सिलिंडर हवेने गच्च भरतो आणि ठिणगीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणारी कॉइल ते देते. पण वायरीच्या रबरी कवचाला कुठे बारीक चीर असेल, तर विजेला प्लगच्या फटीपेक्षा त्या चिरेतून जवळच्या लोखंडावर उडी मारणं सोपं जातं. ओल असली की आणखीच सोपं. म्हणून भाराखाली मिसिंग करणारी गाडी आधी इग्निशनच्या बाजूने तपासायची. उलट, सिग्नलला उभी असताना थरथरते आणि चढावर छान पळते, अशी गाडी असेल तर व्हॅक्यूमच्या नळ्यांमधली गळती शोधायची.

मियाटाच्या या इंजिनात कॉइलचा एक ठोकळा इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या) बाजूला असतो. आत कॉइल दोनच, सिलिंडर मात्र चार. एक कॉइल १ आणि ४ला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ला. निदानासाठी ही रचना फार सोयीची आहे. कॉइल दमली असेल तर बहुधा जोडी बोलते, म्हणजे दोन आणि तीन दोन्हींचे कोड येतात. एकटाच सिलिंडर तक्रार करत असेल तर संशय त्याच्या प्लगवर, वायरीवर किंवा पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर. (वायर आतून पूर्ण तुटली तर जोडीदारालाही त्रास होतो, कारण दोन्ही प्लग एकाच कॉइलच्या दोन टोकांना असतात. पण ते सहसा येऊन जाऊन नसतं.)

माझा कोड सातही वेळा एकट्या दोन नंबरचा. मग मी दोन आणि चार नंबरच्या प्लगांची अदलाबदल केली. नवीन काही विकत न घेता करण्यासारखी ही सगळ्यात स्वस्त परीक्षा. कोड प्लगासोबत चारवर गेला तर प्लग दोषी. पुढच्या पावसाला कोड पुन्हा पी०३०२च आला, म्हणजे प्लग सुटला. वायरींची अशी अदलाबदल जमत नाही, कारण कॉइल मागे असल्यामुळे प्रत्येक वायरीची लांबी वेगळी आहे.

मग वायरी मल्टिमीटरने मोजल्या. इथे मी जवळजवळ फसले, म्हणून थांबून सांगते. चारही वायरींचा रोध लांबीच्या प्रमाणात अगदी व्यवस्थित आला. मी दोन दिवस वायरींना निर्दोष धरून इंजेक्टरच्या मागे लागले. पण मीटर वायरीच्या आतली तार मोजतो. वरचं रबर फाटलंय की शाबूत आहे, हे त्याला कळायचं कारणच नाही. मीटरच्या बॅटरीचे काही व्होल्ट त्या चिरेतून कधीच बाहेर उडी मारणार नाहीत. तिथे हजारो व्होल्ट लागतात. रोध चुकीचा आला तर वायर नक्की खराब, पण रोध बरोबर आला म्हणून वायर चांगली ठरत नाही.

खरी परीक्षा अंधारात होते. रात्री गाडी अंगणात, उघड्यावर उभी केली (बंद गॅरेजात इंजिन चालवू नका, धुराने जीव जातो). आसपासचे दिवे मालवले, बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि इस्त्रीला पाणी मारायच्या स्प्रेने वायरींवर अगदी बारीक फवारा सोडला. धार नाही, फवारा. वायरींना हात अजिबात लावायचा नाही, ओढणी-स्कार्फ काढून ठेवायचा, आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी ही परीक्षा दुसऱ्याकडून करून घ्यायची.

पुढच्या बाजूला काहीच दिसलं नाही. फवारा मागे नेला, वायरी व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेवरून वळून कॉइलकडे खाली उतरतात तिथे, आणि टिक्-टिक्-टिक् असा आवाज सुरू झाला. दोन नंबरच्या वायरीच्या वळणातून कॉइलच्या लोखंडी ब्रॅकेटवर निळसर जांभळा बारीक धागा उडत होता. इंजिनाची लयही त्याच्याबरोबर अडखळत होती. मी फवारा थांबवला. मिनिटभरात इंजिनाच्या उष्णतेने वायर वाळली, धागा नाहीसा झाला आणि इंजिन पूर्ववत. आठ महिने जे घडत होतं, ते डोळ्यांसमोर दोन मिनिटांत घडलं.

सकाळी वायर काढून उजेडात वाकवली. ब्रॅकेटवर घासून घासून रबर एका जागी चकचकीत झालं होतं आणि वाकवल्यावर तिथे केसाएवढी चीर उघडली. सरळ धरली की चीर मिटायची, दिसायचीही नाही.

दुरुस्ती करताना एकटी वायर बदलू नका. चारही वायरी एकाच वयाच्या असतात, आणि माझ्या गाडीच्या मूळ वायरी आहेत की कोणी मध्ये बदलल्यात, हेही मला ठाऊक नव्हतं. पूर्ण संच घेतला. प्लगही चारही नवे घेतले, कारण दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी रेघ दिसली. विजेने बाहेरून वाट काढली की कार्बनची अशी रेघ उमटते. प्लगांच्या अदलाबदलीनंतर हा प्लग आणि ती वायर एकत्र असताना ती पडली असावी. अशा प्लगवर नवी वायर बसवली तर तीच रेघ वायरीच्या नव्या रबरी टोपीतही विजेला वाट करून देते आणि दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच. प्लगची फट १.० ते १.१ मिलिमीटर. इंजिन पूर्ण गार असताना, हाताने आटे लागल्याची खात्री करून, मग १५ ते २३ न्यूटन-मीटरवर आवळायचे. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर करून आटे गेले तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो.

प्लग काढताना तीन नंबरच्या खोलगट भोकात तेल साचलेलं दिसलं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट वयाने कडक झालं की असं होतं, आणि त्या तेलात वायरीची रबरी टोपी फुगून मऊ पडते. तिथे अजून कोड आला नव्हता, पण पुढच्या वर्षी आला असता. त्याच बैठकीत गॅस्केट बदललं, भोक कोरडं पुसलं, टोप्यांच्या आत डायलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात दिला. नव्या वायरी क्लिपांमध्ये नीट बसवल्या. दोन नंबरच्या वायरीची क्लिप मुळात तुटलेली होती, म्हणूनच ती घासत होती. ती क्लिप बदलली नसती तर नवी वायरही त्याच ब्रॅकेटवर जाऊन टेकली असती.

तुमचा कोड मिसफायरचा नसेल तर थोडक्यात. पेट्रोल भरल्यानंतर एक-दोन दिवसांनी दिवा लागत असेल आणि कोड पी०४४०, पी०४४२ किंवा पी०४५५ असेल, तर आधी टाकीच्या झाकणाचं रबर बघा. एखाद्या सेन्सरच्या सर्किटचा कोड येत-जात असेल, तर सेन्सर घेण्याआधी त्याचा कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का बघा, आणि इंजिन चालू ठेवून, गरम भाग व पट्टे सांभाळून, त्याची वायर हळूहळू हलवा, रीडरवर आकडा उडी मारतो का ते बघत. मियाटाची बॅटरी डिकीत असते. तिच्या टोकांवरचा गंज आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि तिथलं ढिलं बोल्ट एकाच वेळी तीन-चार असंबद्ध कोड देऊ शकतं.

शेवटची गोष्ट तपासणीची. दुरुस्तीनंतर मी कोड पुसला आणि दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्शनला, म्हणजे न्यू जर्सीतल्या सक्तीच्या सरकारी तपासणीला, गाडी नेली. परत पाठवली. दिवा बंद होता, कोड नव्हता, पण कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात आणि कॉम्प्युटरला त्या पुन्हा पूर्ण कराव्या लागतात. इथे १९९६ ते २०००च्या गाड्यांना दोन चाचण्या अपूर्ण चालतात, त्यानंतरच्यांना एकच. माझ्या तीन अपूर्ण होत्या. रीडरवर 'रेडिनेस' नावाच्या पानावर हे घरबसल्या दिसतं. आठवडाभर चालवा: रात्रभर गार झालेलं इंजिन सुरू करून थोडं शहरात, मग पंधरा-वीस मिनिटं हायवेला एका वेगाने, मग पाय सोडून गाडीला आपोआप मंदावू देणं. टाकी पाऊण ते अर्धी ठेवा, कारण पेट्रोलच्या वाफेची चाचणी भरलेल्या किंवा रिकाम्या टाकीवर चालतच नाही. मला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी सकाळी पाऊस होता. मी मुद्दाम वॉचंगच्या रस्त्याने गेले, पाचव्या गिअरमध्ये, २,१०० फेऱ्यांवर पाय दाबून. चढ संपला, पेंडिंगचा रकाना रिकामा होता. तिथून तशीच इन्स्पेक्शनला नेली आणि काचेवर नवा स्टिकर लावून घरी आणली.